कामाचे स्वरूप : ओरडणे

माझ्या नावाचा पहिला जाहीर पुकारा झाला तेव्हा मी न्हाणीत केस धूत होते. रविवारची सकाळ होती. डोक्याला शिकेकाई, डोळे गच्च मिटलेले, आणि बाहेर कुणीतरी माझं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव असं मतदार यादी वाचावी तसं वाचलं. थोडं थांबून तोच आवाज म्हणाला, "पिठाच्या चक्कीचं चार हप्तं थकल्यात! कर्जदारानं भाईर यावं!"

तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. न्हाणीतल्या पत्र्याच्या दारानं तो घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मी तशीच, डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आले. आमच्या दोन खोल्या तळमजल्यावर होत्या, समोर सहा बिऱ्हाडांचं मिळून एक अंगण. अंगणात एक काडीसारखा माणूस उभा होता. पांढरा शर्ट, काखेत रेक्झिनची पिशवी. एवढा आवाज ह्या माणसातून आला असेल असं वाटेना, म्हणून मी त्याच्या मागं आणखी कोण आहे का बघितलं. कुणी नव्हतं.

सहाही बिऱ्हाडं दारात आली होती. वरच्या मजल्यावरच्या वहिनी हातात निवडायची मेथी घेऊन कठड्याला टेकल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "चक्की घेतलीस आन आमास्नी सांगितलं बी न्हाईस व्हय गं?" हप्ते थकल्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. चक्की लपवून ठेवल्याचं वाटलं होतं, आणि पुढं दोन महिने त्या माझ्याशी तुटक बोलत होत्या.

ही चक्की काय प्रकरण होतं ते सांगायला हवं.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. मी तेवीस वर्षांची होते आणि राजारामपुरीत एका खासगी क्लासमध्ये आठवी ते दहावीला गणित शिकवत होते. पहिलीच नोकरी. आई एका सरकारी कचेरीत कारकून. ऑफिसातून आली की ती दळणाचा डबा घेऊन गिरणीत जायची, तिथं वीज गेलेली असायची, मग डबा तिथंच ठेवून परत यायची, आणि रात्रीच्या भाकरीला उसनं पीठ मागायची. तेव्हा घरगुती चक्की हे नवीन खूळ निघालं होतं. लाकडी कपाटासारखी पेटी, वर धान्य टाकायला तोंड, खाली पिठाचा डबा, आणि पायाला चार चाकं. मी ठरवलं, पहिल्या कमाईतून आईला चक्की घ्यायची.

क्लासच्या समोरच्या बाजूला, चार दुकानं सोडून एक घरगुती वस्तूंचं दुकान होतं. तिथं गल्ल्याशेजारी एका फायनान्स कंपनीचं टेबल मांडलेलं होतं, पण टेबलाशी माणूस नसायचा. दुकानदारच कंपनीचा फॉर्म भरायचा. त्यानं माझा भरला, माझ्याकडून सुरुवातीचे दोन हजार घेतले आणि जिथं जिथं पेन्सिलीची फुली होती तिथं सह्या करायला सांगितलं. चौदा फुल्या होत्या. मी पोरांना उदाहरण दोनदा वाचल्याशिवाय सोडवू द्यायची नाही, आणि त्या कागदांतली एक ओळही वाचली नाही.

चक्की घरी आली. पहिल्या दिवशी तिनं ज्वारीचा रवा काढला. जाळी बदलून पाहिली, तरी रवाच. भाकरी तव्यावर टाकली की तिचे चार-पाच तुकडे होत. वडील शहर बसवर ड्रायव्हर होते, स्वभावानं गरीब. ते भाकरी चमच्यानं खाऊ लागले. दुसऱ्या दिवशी चक्कीतून जळका वास यायला लागला. तिसऱ्या दिवशी ती चालायला लागली. म्हणजे खरोखरच चालायला लागली. सुरू केली की थरथरायची आणि थरथरत थरथरत चाकांवरून पुढं सरकायची. आई ओट्याशी पाठमोरी होती. चक्की भिंतीपासून निघाली, वडिलांच्या पाटाला वळसा घालून दारापर्यंत गेली, आणि वायर ताणून पिन निघाली तेव्हा थांबली. वडील ताट उचलून उभे राहिले होते. "भाईर निघाली हुती," एवढंच ते म्हणाले.

चौथ्या दिवशी आम्ही ती टेम्पोत घालून दुकानात परत नेली. दुकानदार गोड माणूस. म्हणाला, "ताई, अजिबात टेन्शन घ्यायचं न्हाय. चक्की कंपनीला पाठवतो, फायनान्सला मी कळवतो, तुमचं कर्ज रद्द. पैसे आठ दिवसांत."

मी थँक्यू म्हणून निघाले होते. आई निघाली नाही. ती म्हणाली, "लिहून द्या."

"अवो बाई, रोजच्या वळखीत कशाला लिवायचं?"

"वळख हाय म्हणूनच लिहून मागतीय. अनोळखी असता तर पोलिसाला घेऊन आले असते."

तो हसला आणि पावतीच्या मागं लिहायला लागला. चक्की नादुरुस्त असल्यानं परत घेतली. आईनं चक्कीच्या पाठीवरच्या पट्टीवरून नंबर वाचून त्याच्याकडून तो घालून घेतला. मग म्हणाली, "फुडं लिवा. कर्ज रद्द करून घ्यायची जबाबदारी दुकानाची." तो पुन्हा हसला आणि तेही लिहिलं. शिक्का मात्र तिनं त्याच्या हातातून घेऊन स्वतः मारला. तिच्या मते तो वाकडा मारत होता.

माझ्या आईचं काम आवक-जावक टेबलावर. कचेरीत येणारा प्रत्येक कागद तिच्या रजिस्टरात चढायचा, जाणारा प्रत्येक कागद उतरायचा. बावीस वर्षं तिनं दुसरं काही केलं नव्हतं आणि करायची इच्छाही नव्हती. आमच्या विहारातल्या वर्गणीची वहीसुद्धा तिच्याकडंच असे. बुद्धपौर्णिमेच्या खिरीला कुणी किती दूध आणलं, त्यातलं किती नासलं आणि ते कुणाचं होतं, हे सगळं त्या वहीत तारखेनिशी सापडायचं. त्यामुळं विहारात काही घरं आमच्याशी बोलत नसत. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, अंगठा उठवायचे. त्या अंगठ्याच्या वर लोकांनी काय काय लिहून घेतलं ते तिनं लहानपणी बघितलं होतं. त्याबद्दल ती कधी बोलायची नाही. पण कोऱ्या कागदावर सही केलेली तिला दिसली की ती अंगावर पाल पडल्यासारखी दचकायची.

दुकानदाराचे आठ दिवस संपले, महिना गेला, चार महिने गेले. पैसे आले नाहीत आणि मी नवीन नोकरीच्या गडबडीत विसरून गेले. आणि मग तो रविवार आला.

मी ओल्या डोक्यानं अंगणात उभी होते, आणि माणूस पुन्हा तोंड उघडत होता. तेवढ्यात आई बाहेर आली. चिडलेली वगैरे नव्हती. ती म्हणाली, "पावणं, घसा कोरडा पडला आसंल. आत या. चप्पल तिथं काढा."

तो गोंधळला. हे त्याला कुणी शिकवलं नसावं. आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसला. वडिलांनी चहाचं आधण ठेवलं.

"कुणाकडनं आलाय?" आईनं विचारलं.

"फायनान्सकडनं. वसुली."

"तुमाला पाठवल्याचं पत्र?"

त्यानं पिशवीतून एक कार्ड काढलं. प्लास्टिकमध्ये घातलेलं. आईनं चष्मा लावला, उलटसुलट बघितलं. "ह्यावर सही कुणाचीच न्हाय."

"फोटू हाय की."

"फोटू काय, आमच्या रेशनकार्डावर बी हाय."

आत बोलताना त्याचा आवाज अगदी साधा होता, उलट जरा मवाळच. तो हुपरीचा होता. घरात चांदीचे पैंजण करायचं काम चालायचं, पण त्या वर्षी कामाला उतार पडला होता. त्याआधी तो रिक्षाला भोंगा लावून सर्कशीची, सेलची, हरवलेल्या माणसांची जाहिरात करत फिरायचा. तो आवाज ऐकून फायनान्सवाल्यांनी त्याला घेतलं. "मारामारी करायची न्हाय, हात लावायचा न्हाय, आत शिरायचं न्हाय. फकस्त दारात हुबा राहून वरडायचं," असं त्याला सांगितलं होतं. "शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ऐकलं की मानसं लाजंनं पैसं भरत्यात, म्हणं."

"भरत्यात का?" वडिलांनी कुतूहलानं विचारलं.

"भरत्यात की," तो ओशाळून म्हणाला.

आईनं तोवर कपाटातून एक फुलस्केप रजिस्टर काढलं होतं आणि पट्टीनं, लाल पेननं रकाने पाडत होती. अनुक्रमांक. दिनांक. आल्याची वेळ. गेल्याची वेळ. नाव. कोणाकडून. कामाचे स्वरूप. सही. रजिस्टर त्याच्यापुढं ठेवून ती म्हणाली, "भरा."

तो लिहिताना जीभ बाहेर काढायचा. नाव, वेळ झालं. कामाच्या स्वरूपाशी तो अडला. "ह्यात काय लिवू?"

"जे काम केलं तेच लिवा."

त्यानं बराच विचार केला. चहा थंड झाला. मग त्यानं सावकाश, एकेक अक्षर लावून लिहिलं, 'ओरडणे'.

आईनं वाचलं. "किती वेळ?"

त्यानं पुढं लिहिलं, '१० मिनिटे'. आणि सही केली.

तो गेल्यावर मी रडले. आई म्हणाली, "रडायला काय झालं? आवकमध्ये नोंद झाली."

तो दर आठवड्याला येऊ लागला. येऊन आधी अंगणात ओरडायचा, कारण ते त्याचं काम होतं, मग चप्पल काढून आत येऊन रजिस्टर भरायचा, कारण ते आईचं काम होतं. एकदा त्यानं लिहिलं, 'ओरडणे, ५ मिनिटे, घसा बसल्यामुळे कमी'. एकदा लिहिलं, 'ओरडणे व चहा'. तेव्हा आईनं चहा खोडायला लावला, तो कामात मोजायचा नाही म्हणून. खोडलेल्या जागी त्याच्याकडून छोटी सहीही घेतली.

मधल्या काळात आईनं पत्र लिहिलं. तिच्या कचेरीत कधीतरी ग्राहकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचं पातळ पुस्तक टपालानं आलं होतं. ते कुणी न्यायला आलं नाही, म्हणून ते तिच्या टेबलावरच पडून होतं आणि तिनं ते जेवणाच्या सुट्टीत तीन वेळा वाचलं होतं. त्यातून तिला कळलेलं असं होतं की कर्ज मान्य नसेल तर तसं लेखी कळवायचं, तोंडी नाही. कराराची प्रत मागायची, हिशेबाचा उतारा मागायचा. आलेल्या माणसाकडं अधिकारपत्र मागायचं. बोलायचं ते पत्रानंच बोला, घरी आणि नोकरीच्या जागी येऊन बदनामी करू नका, असं सांगायचा आपल्याला हक्क आहे. आणि कुणी कितीही ओरडलं तरी घाबरून एकही रुपया भरायचा नाही, कारण भरला की कर्ज कबूल केल्यासारखं होतं. हे सगळं तिनं माझ्या अक्षरात लिहवून घेतलं, माझ्या सहीनं, कारण कर्जदार मी होते. सोबत दुकानदाराच्या पावतीची झेरॉक्स. रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह. पंधरा दिवसांनी गुलाबी पोचपावती परत आली. उत्तर आलं नाही.

उत्तराऐवजी, एका बुधवारी, तो क्लासखाली आला.

क्लास पहिल्या मजल्यावर होता. मी नववीला प्रमेय शिकवत होते. फळ्यावर वर्तुळ काढलं होतं, आणि खालून माझं नाव आलं, वडिलांचं नाव, आडनाव. चाळीस पोरं खिडकीकडं धावली. समोरच्या दवाखान्यातले पेशंट गॅलरीत आले. मी खडू हातात घेऊन फळ्याकडं तोंड करून उभी राहिले आणि त्या वर्तुळावर पुन्हा पुन्हा वर्तुळ गिरवत राहिले. मागून एका मुलीनं अगदी काळजीनं विचारलं, "मॅडम, चक्की चांगली निघाली न्हाय का?"

क्लासच्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते वाईट नव्हते, पण म्हणाले, "हे मिटवून टाका बघा. पालक येतात इथं."

मी घरी गेले, कपाटातून पगाराचं पाकीट काढलं आणि पर्समध्ये घातलं. आई भाजी चिरत होती. "कुठं निघालीस?"

"भरून टाकते. चार हप्ते भरते आणि उरलेलेही भरते. मला नको असलं काही."

"चक्की हाय का तुझ्याकडं?"

"नाही."

"मग कशाचं भरतीयास?"

"लाजेचं!" मी ओरडले. मी आईवर पहिल्यांदाच इतक्या मोठ्यानं ओरडले असेन. वरून वहिनींनी डोकावलंसुद्धा.

आईनं विळी बाजूला केली. म्हणाली, "हे बघ. त्यो मानूस येतो, वरडतो, आन तू पैसं काढतीस. उद्या दुसऱ्या पोरीच्या दारात जाऊन तसंच वरडंल, कारण तुझ्या दारात चाललं. तुला लाज वाटतीय हे मला दिसतंय. वाटू दे. वाटून संपंल. पैसं एकदा गेलं की मागं येणार न्हाईत."

मी पर्स ठेवली, पण पटलं म्हणून नाही. आई दारात उभी राहिली होती आणि तिला बाजूला सारून जायचं धाडस माझ्यात नव्हतं.

पुढच्या रविवारी तो आला तेव्हा त्याच्याजवळ नवीन पत्र होतं. हप्ते मिळाले नाहीत तर वस्तू ताब्यात घ्यावी, असं त्यात होतं. रोख आणली तर कमिशन, वस्तू आणली तरी कमिशन. तो ओरडून, घाम पुसत आत आला आणि म्हणाला, "मावशी, आज चक्की न्यायला लागंल."

"न्या की," आई म्हणाली.

तो स्वयंपाकघरात गेला. भांड्यांची मांडणी बघितली, शेगडीखाली बघितलं, वडिलांनी मदत म्हणून कॉटखालची ट्रंकही ओढून दाखवली. मग आईनं पावतीची एक झेरॉक्स त्याच्या हातात दिली. त्यानं ती दोनदा वाचली. त्याला वाचायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात माझी भाजी निवडून झाली.

"म्हंजी चक्की दुकानातच हाय?"

"तुमच्या कागदावर काय लिवलंय? वस्तू जिथं हाय तिथनं ताब्यात घ्या. आमच्याकडं न्हाय. कुठं हाय ते लिवलेलं तुमच्या हातात हाय."

तो विचारात पडला. "मावशी, तिथं वरडलं तर चालंल का?"

"मी कशाला सांगू? मी तुमची सायब न्हाय."

त्यानं त्या दिवशी रजिस्टरात लिहिलं, 'ओरडणे. नंतर माहिती घेणे'.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी क्लासमध्ये होते. खालून तो आवाज आला आणि मी नकळत फळ्याच्या मागं गेले. चाळीस पोरांसमोर त्यांची बाई फळ्यामागं उभी. पण या वेळी माझं नाव आलं नाही. आवाज म्हणाला, "दुकानमालकानं भाईर यावं! परत घेतलेली चक्की दावावी!"

मी पोरांच्या आधी खिडकीशी पोचले.

त्यानं दुकानाच्या पायरीवर ठाण मांडलं होतं. हातात माझ्या पावतीची झेरॉक्स. शेजारी माझे वडील उभे होते, ड्युटीच्या खाकी कपड्यांत, दुकान दाखवायला म्हणून आलेले. दुकानात कोडोलीहून आलेलं एक नवराबायकोचं जोडपं होतं. बाहेर टेम्पो उभा होता, म्हणजे सौदा ठरला होता. काय घेत होते? चक्की. काचेशी रिबन बांधून ठेवलेली, वर 'नवीन माल' असा कागद चिकटवलेला.

वसुलीवाला आत न शिरता पायरीवरूनच वाकला, मान लांब करून चक्कीच्या पाठीमागं बघितलं, आणि पट्टीवरचा नंबर एकेक आकडा सुटा करून मोठ्यानं वाचला. मग पावतीवरचा वाचला. सर्कशीच्या वेळा सांगायची सवय असल्यामुळं त्यानं दोन्ही नंबर तीन तीनदा सांगितले. सगळ्या गल्लीला पाठ झाले. माझ्या शेजारची पोरं ताळा करत होती. "मॅडम, सेम हाय!"

कोडोलीचा माणूस दुकानदाराला म्हणाला, "ओ, ही तर कुणाचीतरी परत आल्याली दिसतीया की!"

"कंपनीनं दुरुस्त करून दिलीय," दुकानदार म्हणाला. "नव्यासारखी चालते."

"चालती, चालती," माझे वडील म्हणाले. आयुष्यात परक्याच्या भांडणात ते एवढंच बोलले असतील. "आमच्यात दारापातूर चालली हुती."

जोडपं टेम्पोत बसून गेलं. दुकानदारानं अर्धं शटर ओढलं आणि त्याखालून वाकून बाहेर येऊन वसुलीवाल्याला शिव्या दिल्या. तेवढंच. चक्की त्यानं काही दिली नाही.

कंपनी मात्र ताळ्यावर आली नाही. महिनाभरानं व्याज लावून नवीन नोटीस आली. आई म्हणाली, आता ग्राहक मंच. तिथं वकील लागत नाही, फी किरकोळ, साध्या कागदावर तक्रार चालते, हेही त्या पातळ पुस्तकात होतं. तक्रारदार मी. विरुद्ध बाजूला दोघं, दुकानदार आणि फायनान्स कंपनी. बोलायचं मला होतं. आई मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायची आणि मी अडले की बरोबर तो कागद माझ्या कोपरापाशी सरकवायची. तारखा पडत गेल्या. वर्ष गेलं. पहिल्या तारखेला माझ्या तोंडून 'आदरणीय परीक्षक' असं निघालं होतं, वक्तृत्व स्पर्धेतलं. अध्यक्षांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

शेवटच्या सुनावणीला कंपनीचा वकील म्हणाला की आमचा पैशाशी संबंध, मालाशी नाही. चक्की खराब निघाली ते दुकानदाराशी बघावं. मी म्हटलं, फॉर्म दुकानदारानंच भरला, तुमच्या टेबलावर, तुमच्या वतीनं. माल परत गेल्याचं मी तुम्हाला लेखी कळवलं, ही पोचपावती. त्यानंतरही तुम्ही हप्ते मागितले. वकील म्हणाला, फक्त नम्र स्मरण दिलं होतं. कंपनीचा माणूस कधी दारात जाऊन ओरडला वगैरे हे सपशेल खोटं आहे.

माझ्या कोपरापाशी रजिस्टर आलं.

अध्यक्षांनी ते उघडलं. ते जाड चष्म्याचे, गंभीर गृहस्थ होते. त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "अनुक्रमांक एक. कामाचे स्वरूप, ओरडणे, दहा मिनिटे. अनुक्रमांक दोन. ओरडणे, दहा मिनिटे. अनुक्रमांक पाच. ओरडणे, पाच मिनिटे, घसा बसल्यामुळे कमी." शेजारच्या महिला सदस्यांनी पदर तोंडाला लावला. अध्यक्ष थांबले, पान उलटलं. "हे 'व चहा' खोडलेलं आहे."

"तो कामात नव्हता, साहेब," मी म्हटलं.

वकील उठला. हे रजिस्टर घरी बसून बनवलेलं आहे, म्हणाला. कंपनीनं आपला माणूस आज हजर ठेवला आहे, त्यालाच विचारा. आणि मागं वळून त्यानं बोट केलं. शेवटच्या बाकावर तो बसला होता, पांढऱ्या शर्टात, काखेत पिशवी. आम्ही त्याला आत येताना बघितलंच नव्हतं.

"ह्या सह्या तुमच्या नाहीत ना?" वकिलानं विचारलं.

तो उभा राहिला. रजिस्टर त्याच्यापुढं धरलं. त्यानं पानं चाळली. एका एंट्रीपाशी थांबून ती त्यानं पुन्हा नीट वाचली, काही चुकलंय का बघत. मग, मोठ्या खोलीत बोलायचं म्हणून असेल किंवा सवयीनं, तो त्याच्या दुसऱ्या आवाजात म्हणाला,

"सगळ्या माज्याच हायत की, सायब! न्हाय कशाला म्हणू?"

वऱ्हांड्यातला शिपाई धावत आत आला. पलीकडच्या कोर्टातून कुणीतरी काय झालं म्हणून बघून गेलं. वकील हळूच खाली बसला.

निकाल टपालानं आला. कर्ज रद्द, थकबाकी काही नाही. दुकानदारानं माझे दोन हजार व्याजासकट परत द्यावेत. बदनामी आणि मानसिक त्रासाबद्दल कंपनीनं दीड हजार द्यावेत, वर तक्रारीचा खर्च. दुकानदार स्वतः घरी येऊन पैसे देऊन गेला. आईनं त्याच्याकडून पैसे दिल्याची पावती लिहून घेतली, खरं म्हणजे ती आम्ही द्यायची असते, पण त्यानं ती लिहून दिली. कंपनीचा चेक माझ्या नावात वेलांटी चुकवून आला. बँकेनं तो चालवला असता. आईनं परत पाठवला, रजिस्टर पोस्टानं. दुसरा यायला सात आठवडे लागले आणि त्या सात आठवड्यांत मी तिला रोज एकदा तरी बोलून दाखवलं.

हुपरीच्या माणसाची नोकरी गेली, ते आम्हाला नंतर कळलं. त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं. वडील एकदा हुपरीच्या बसनं त्याच्याकडं जाऊन आले. तो पुन्हा पैंजणाच्या कामाला बसला होता आणि बरा होता, म्हणाले. जास्त काही सांगितलं नाही. येताना मात्र त्याच्या घरची ज्वारीची पिशवी घेऊन आले.

मानसिक त्रासाच्या दीड हजारांवरून घरात आठवडाभर भांडण झालं. माझं म्हणणं, त्रास मला झाला, निकालात माझं नाव आहे. आईचं म्हणणं, तुला त्रास होऊ नये म्हणून जो त्रास झाला तो मला झाला. शेवटी वडील म्हणाले की त्यांनाही थोडा झाला होता. आम्ही दोघींनी विचारलं, कसला? ते म्हणाले, चार दिवस भाकरी चमच्यानं खाल्ली. तेव्हा आईनं पाचशे-पाचशेच्या तीन नोटा सारख्या केल्या, प्रत्येकाला एकेक दिली, आणि सह्या घेतल्या.